फुटक्या काचेची किंमत

‘मुलीची अब्रू म्हणजे काचेचे भांडे, एकदा तडा गेला की गेला,’ हे वाक्य आपल्या घरांतून, लग्नाच्या बोलण्यांतून, कधी कधी जलशांतल्या भाषणांतूनही ऐकू येते. ऐकणाऱ्या मुली मान खाली घालतात आणि सांगणारे पुढच्या विषयाकडे वळतात. आम्ही उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एखादी उपमा वारंवार कानावर आली की ती ज्या वस्तूवरून घेतली, त्या वस्तूकडे एकदा नीट पाहावे असे आम्हाला वाटते. काचेचे भांडे बनते कसे, फुटते कशाने आणि फुटल्यावर त्याचे काय होते?

या महिन्यात त्यासाठी आपण दोन हजार वर्षे मागे, रोमन साम्राज्यात जाऊ. श्रीमंतांच्या दालनातली काच सामान्य माणसाच्या घरात आली ती त्या काळात. आणि ती आणली शाम आणि फलस्तीनच्या कारागिरांनी.

वाळू, खार आणि फुंकर

रोमन काचेला मुख्यतः दोन गोष्टी लागत. एक समुद्रकाठची वाळू आणि दुसरा नॅट्रॉन नावाचा खार. हा आपल्या पापडखाराच्या जातीचा. मिसरमधल्या वादी नतरूनच्या तळ्यांचे पाणी आटले की तो खाली साठून राहतो. नुसती वाळू वितळवायला प्रचंड उष्णता लागते. हा खार मिसळला की ती कमी उष्णतेत वितळते. तिसरी गोष्ट म्हणजे चुना. तो वेगळा घालावा लागत नसे, कारण किनाऱ्याच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतोच. चुना नसेल तर काच पाण्याने हळूहळू झिजते.

फलस्तीनच्या किनाऱ्यावर अक्का शहराजवळ बेलुस नावाची छोटी नदी समुद्राला मिळे. तिथली वाळू काचेसाठी फार नावाजलेली होती. रोमन लेखक प्लिनी याने या जागेची एक दंतकथा नोंदवली आहे. नॅट्रॉनचे व्यापारी तिथे उतरले, स्वयंपाकाला चुलीचे दगड मिळेनात, म्हणून त्यांनी जहाजातले नॅट्रॉनचे गोळेच भांड्याखाली मांडले. ते वाळूत वितळले आणि काच वाहू लागली! चुलीच्या जाळावर एवढी उष्णता निर्माण होत नाही, त्यामुळे ही गोष्ट खरी मानता येत नाही. शिवाय प्लिनीच्या कितीतरी शतके आधी इराक आणि मिसरमध्ये काच बनत होती. पण काचेचा माल कुठून येतो हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते, एवढे या कथेवरून दिसते.

सुरुवातीची भांडी करणे फार कष्टाचे होते. सळईच्या टोकाला मातीचा गोळा लावायचा, त्यावर वितळलेल्या काचेचे धागे गुंडाळायचे, थंड झाल्यावर आतली माती खरवडून काढायची. एवढे करून हाती येई ती बोटभर अत्तराची कुपी. साहजिकच ती राजघराण्यांच्या आणि धनिकांच्या वाट्याला जाई.

मग इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात एक साधी गोष्ट घडली. कुणीतरी वितळलेल्या काचेत फुंकर मारली. बैतुल मुकद्दसच्या जुन्या शहरातल्या उत्खननात इ.स.पू. ५० च्या सुमाराचा, काचकामातून उरलेला कचरा सापडला. त्यात काचेच्याच नळ्या होत्या; एक टोक चिमटून बंद केलेले आणि तिथे लहानसा फुगा फुगवलेला. फुंकून काच घडवण्याचा हा फार जुना पुरावा आहे. पुढे चुलीच्या फुंकणीसारखी लांब नळी आली. तिच्या टोकाला वितळलेला गोळा घ्यायचा, फुंकायचे, फिरवायचे. ज्या भांड्याला पूर्वी कितीतरी वेळ लागत असे, ते काही मिनिटांत तयार होऊ लागले.

परिणाम काय झाला? भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की रोममध्ये काचेचा प्याला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात काचेच्या बाटल्या, वाट्या, कुप्या मोठ्या संख्येने सापडल्या आहेत. सैदा शहराशी, म्हणजे आजच्या लेबनॉनशी, ज्याचे नाव जोडले जाते तो एनिऑन नावाचा कारागीर साच्यात काच फुंकत असे आणि साच्यातच आपले नाव कोरत असे. त्याच्या काही भांड्यांवर विकत घेणाऱ्याची आठवण राहो, अशी सदिच्छाही आहे. आपले नाव आणि गिऱ्हाइकाचे भले एकाच भांड्यावर मांडणारा हा माणूस आम्हाला फार आवडला.

आपोआप फुटणारे भांडे

काचेच्या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. भांडे फुंकून झाले म्हणजे काम संपत नाही. ते तसेच उघड्यावर ठेवले तर वरचा थर लवकर थंड होतो, आतला गरम राहतो, आणि दोन्हींची ओढाताण काचेत अडकून राहते. असे भांडे कुणी हात न लावताही तडकते. म्हणून ते वेगळ्या, मंद भट्टीत ठेवून सावकाश निववावे लागते. रोमन कारागीर हे जाणून होते. त्यांनी अशी काळजी घेतली म्हणूनच दोन हजार वर्षांपूर्वीची कागदासारखी पातळ भांडी आजही संग्रहालयांत उभी आहेत. साम्राज्य गेले, राजवाडे पडले, अत्तराची कुपी राहिली.

अशा काही भांड्यांवर मोरपिसासारखे रंग चमकतात. ते रंग कारागिराने दिलेले नाहीत. मातीत पुरलेल्या काचेतला खार शतकानुशतके ओलाव्याने निघून जातो, पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रे तयार होतात आणि त्यांतून प्रकाश रंग घेऊन परततो. जमिनीखाली सोसलेल्या काळाची ती खूण आहे.

तेव्हा काच म्हणजे कमकुवत वस्तू, ही समजूत अर्धीच खरी. आपटली तर ती फुटते, हे उघड आहे. पण घाईने निववली नाही आणि जपून हाताळली, तर लोखंड गंजून जाते तिथे काच टिकते.

काचेचा भंगारवाला

आता मुख्य प्रश्न. फुटलेल्या काचेचे रोमन लोक काय करत?

पहिल्या शतकातला रोमन कवी मार्शल याने शहराच्या एका फेरीवाल्याचा उल्लेख केला आहे. हा टायबर नदीपलीकडचा माणूस गंधकाच्या काड्या घेऊन गल्लोगल्ली फिरे आणि त्या बदल्यात फुटकी काच घेई. आपल्या मोहल्ल्यात भांडी देऊन जुने कपडे नेणारी बाई येते, तसाच हा प्रकार. फुटक्या काचेला काहीतरी मोल असल्याशिवाय कुणी तिच्यासाठी दारोदार हिंडणार नाही.

ते मोल कशाचे? फुटकी काच पुन्हा वितळते, आणि कच्च्या वाळूपेक्षा कमी उष्णतेत वितळते. तिच्यामुळे लाकूड वाचते, वेळ वाचतो, आणि नव्या काचेत ती मिसळली तर तो घाणाही लवकर वितळतो. आजचे काच कारखानेही हेच करतात. इटलीच्या ग्रादो गावाजवळ समुद्रात एक रोमन जहाज सापडले. त्यातल्या एका लाकडी पिंपात फुटक्या काचेचे ११ हजारांहून अधिक तुकडे होते, वजन सुमारे १४० किलो. ताटल्या, प्याले, बाटल्या, सगळ्यांचे तुकडे जपून भरलेले. जहाजात जागा किती महाग असते, याचा विचार केला म्हणजे त्या तुकड्यांची किंमत कळते.

प्रयोगशाळेतही याचा माग लागतो. हिरवट काच पांढरी स्वच्छ दिसावी म्हणून त्या काळी काही कारागीर अँटिमनी घालत, काही मँगनीज. एकाच भांड्यात दोन्ही सापडले की शास्त्रज्ञ सहसा ओळखतात, इथे वेगवेगळ्या भांड्यांचे तुकडे एकत्र वितळलेले आहेत. साध्या डोळ्यांना मात्र फरक दिसत नाही. ते भांडे पाणी तसेच धरते, त्यातून उजेड तसाच येतो.

कच्च्या काचेचाही मोठा व्यापार होता. फलस्तीनच्या आणि मिसरच्या भट्ट्यांत काचेच्या प्रचंड लाद्या ओतत, त्या फोडून ढेकळे करत आणि दूरदूर पाठवत. बादशहा डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकात इस्कंदरियाच्या काचेला एका रोमन पौंडामागे २४ दिनार आणि फलस्तीनच्या हिरवट काचेला १३ दिनार असा कमाल भाव ठरवलेला आहे.

ही ढेकळे आपल्या देशापर्यंत येत होती. पहिल्या शतकात मिसरमधल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या मार्गदर्शिकेत भरुच बंदरात उतरणाऱ्या मालाच्या यादीत कच्ची काच आहे. त्याच मजकुरात पुढे आपले पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर, यांची नावे येतात. तिथून बैलगाड्यांतून मौल्यवान खडे आणि कापड भरुचला जाई, असे तो सांगतो. मराठवाड्याच्या मालाच्या गाड्या ज्या धक्क्यावर रिकाम्या होत, त्याच धक्क्यावर शामकडची काच उतरत होती.

इस्लामचा काळ आला तेव्हाही या भट्ट्या विझल्या नाहीत. उमवी काळात फलस्तीनच्या किनाऱ्यावर त्याच पद्धतीने काच बनत होती. तुर्कस्तानच्या सेर्चे लिमानी खाडीत इ.स. १०२५ च्या सुमाराला बुडालेले एक जहाज सापडले. त्यावर फातिमी राजवटीतल्या शामकडून निघालेली सुमारे तीन टन काच होती. त्यातली एक टन नुसती फुटकी भांडी. म्हणजे मार्शलच्या फेरीवाल्यानंतर हजार वर्षांनी आपल्या पूर्वसुरींचे व्यापारीही तेच करत होते. आणि अल-खलील शहरात आजही बाटल्यांची जुनी काच वितळवून नवी भांडी फुंकली जातात.

सूचना कुणाला आहे?

आता उपमेकडे परत येऊ. अरबी भाषेत काचेच्या कुपीला ‘कारूरा’ म्हणतात, अनेकवचन ‘कवारीर’. युनानी हकिमांच्या भाषेत कारूरा म्हणजे तपासणीसाठी आणलेली लघवी, कारण ती काचेच्या कुपीत आणायची असे! पण हाच शब्द एका अतिशय कोमल हदीसमध्ये आला आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अनस (र.) यांनी सांगितलेला हा प्रसंग. प्रेषित मुहम्मद (स.) प्रवासात होते. अंजशा नावाचे सेवक सुरेल आवाजात हुदी गाऊन उंट हाकत होते. त्या उंटांवर स्त्रिया बसल्या होत्या, हजरत अनस (र.) यांच्या मातोश्री उम्मे सुलैम (र.) त्यांत होत्या. गाणे ऐकून उंट वेगाने चालू लागले. तेव्हा प्रेषितांनी (स.) अंजशांना सांगितले की सावकाश, काचेच्या कुप्या आहेत, जपून ने. उर्दूत या ठिकाणी ‘आबगीने’ हा सुंदर शब्द वापरतात.

भाष्यकारांनी याचे दोन अर्थ सांगितले आहेत. वेगाने बसणाऱ्या हिसक्यांपासून स्त्रियांना जपावे, हा एक. सुरेल आवाजाचा मनावर परिणाम होतो, हा दुसरा. दोन्ही अर्थ घेतले तरी एक गोष्ट तीच राहते. सूचना हाकणाऱ्याला आहे. कुप्यांना कुणी काही बजावलेले नाही. तुम्ही नाजूक आहात, तेव्हा घाबरून राहा, असे त्या स्त्रियांना कुणी म्हटले नाही. ज्याच्या हातात लगाम आहे, त्याला सांगितले.

आपण मात्र हीच उपमा उलटी फिरवली. काचेचे भांडे आहेस, असे मुलीला सांगतो. दगड हातात असणाऱ्याला काही सांगत नाही.

सूरह नूर उघडून पाहा. ३५व्या आयतीत दिवा आणि त्याभोवतीची ताऱ्यासारखी तेजस्वी काच यांचा दृष्टांत आहे. मिसर आणि शामच्या कारागिरांनी मशिदींच्या काचेच्या कंदिलांवर ही आयत मोठ्या प्रेमाने लिहिली. पण त्याच सूरहच्या ४थ्या आयतीत शीलवान स्त्रीवर आरोप करून चार साक्षीदार न आणणाऱ्याला ८० फटक्यांची शिक्षा सांगितली आहे, आणि त्याची साक्ष यापुढे कधी ग्राह्य धरू नये असेही. अब्रूच्या काचेवर दगड मारणारा गुन्हेगार कोण, हे तिथे स्पष्ट आहे. आणि ३२व्या आयतीत, म्हणजे काचेच्या दृष्टांताच्या अवघ्या तीन आयती आधी, जोडीदाराविना असलेल्यांचे निकाह लावून देण्याची जबाबदारी समाजावर टाकली आहे. त्यांत विधवा आल्या, तलाक झालेल्या आल्या, खुला घेतलेल्याही आल्या.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोर्टलँड व्हाज नावाची प्रसिद्ध रोमन काचेची फुलदाणी आहे. १८४५ मध्ये एका दारू प्यालेल्या प्रेक्षकाने ती फोडली, दोनशेच्या आसपास तुकडे झाले. तज्ज्ञांनी ती जोडली, पुढे दोनदा आणखी नीट जोडली, आणि ती आजही तिथे मानाने उभी आहे. पकडला गेला तो फोडणारा. फुलदाणी एवढी नाजूक का होती, असा जाब कुणी तिला विचारला नाही.

आमची एक माजी विद्यार्थिनी. नवरा मारहाण करत असे, तिने खुला घेतला. धाकट्या बहिणीच्या निकाहच्या वेळी मेंदीचे ताट घेऊन ती पुढे झाली, तेव्हा घरातल्याच एका वडीलधाऱ्या बाईंनी ताट तिच्या हातातून काढून घेतले. शकुनाच्या कामात हिला नको, एवढेच म्हणाल्या. मुलगी काही बोलली नाही, स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. त्या बाई रोजा-नमाजच्या पाबंद आहेत. त्यांना कुणी सांगितले नसावे की हजरत खदीजा (र.) प्रेषितांशी (स.) निकाह होण्यापूर्वी विधवा होत्या, आणि प्रेषितांच्या (स.) पवित्र पत्नींपैकी हजरत आयशा (र.) वगळता बाकी सर्व जणी आधी विधवा किंवा घटस्फोटित होत्या. तिथे कुणाच्या हातातले ताट काढून घेतले गेले नव्हते.

मराठीत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. उर्दूत चुड्या ‘ठंडी’ करतात. शब्द बदलून आपण अशुभ टाळतो, पण जिच्या हातची बांगडी गेली, तिला मात्र टाळत राहतो. आपल्या मनियार बांधवांना विचारा. त्यांच्या पेटीत दरवेळी काही बांगड्या फुटतात. त्यासाठी कुणी पेटी फेकून देत नाही, आणि गिऱ्हाइकाचा हात धरून बांगडी चढवताना ते किती सावकाश चढवतात, तेही पाहा.

स्त्री ही वस्तू नाही, तिला तुकड्यांत वितळवून नवे करायचे नसते. उपमा तेवढ्यापुरतीच घ्यावी. पण काचेचे नाव घ्यायचेच असेल, तर काचेचा सगळा हिशेब घ्यावा लागेल. घाईत निववलेले भांडे आपोआप तडकते, म्हणून सून घरात आली की तिला नव्या घराची सवय व्हायला अवधी द्यावा. पहिल्या महिन्यातच तिची परीक्षा घेऊ नये. फुटक्या काचेसाठीही रोमचा फेरीवाला दारोदार हिंडत असे, मग निकाहसाठी मुलगी पाहताना ‘पहिलाच संबंध हवा’ ही अट आपण का घालतो, हे घरातल्या पुरुषांनी एकमेकांना विचारावे. मशिदीच्या इमाम साहेबांना आमची विनंती आहे की पुढच्या निकाहच्या खुतब्यानंतर दोन मिनिटे अंजशांची हदीस सांगावी, आणि ती सांगताना नजर नवरदेवाकडे असावी.

शाळेत मुला-मुलींना हा धडा एकत्र सांगता येतो. मुलींनी काय जपावे याची यादी सगळ्यांना पाठ असते. मुलांनी कसे हाकावे याची यादी आता घराघरांत व्हायला हवी, आणि ती आईपेक्षा वडिलांनी सांगितली तर अधिक चांगले. अल्लाह आपल्या हातांना नरमी देवो आणि आपल्या जिभांपासून आपल्या मुलींना सुरक्षित ठेवो. आमीन.